खंडेनवमीचा विसावा

सोल्डरिंगच्या बंदुकीला कुंकू लावता लावता हेर्लेकर सर म्हणाले, "हेमांगी, आजच्या दिवशी तरी भांडू नकोस. हत्यारं ऐकत असतात."

"ऐकू देत की. त्यांना तरी कळेल कोणाचं बरोबर आहे ते," मी म्हणाले.

खंडेनवमीची दुपार होती. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत एरवी कानाला दडे बसतील एवढा आवाज असतो, पण त्या दिवशी भट्ट्या आणि लेथ सगळे झेंडूच्या माळा घालून गप्प बसले होते. आमची कंपनी म्हणजे तीन खोल्या आणि एक पत्र्याची शेड. कोंबडीची अंडी उबवायची जी कपाटाएवढी यंत्रं असतात, त्यांचे कंट्रोलर आम्ही बनवायचो. पूजेला काय मांडायचं हा प्रश्नच होता, कारण आमची हत्यारं सगळी बोटभर. पक्कड, मल्टिमीटर, स्क्रू ड्रायव्हर असं टेबलावर मांडून सरांनी प्रत्येकाला एक एक फूल वाहिलं होतं. सर माझ्या वडिलांच्या वयाचे. कंपनी त्यांची, आणि कंट्रोलरमधला बूटलोडरही त्यांनीच लिहिलेला.

भांडण त्या बूटलोडरवरूनच होतं. यंत्राचं बटण दाबलं की सगळ्यांच्या आधी जागा होतो तो बूटलोडर. आपण कुठल्या यंत्रात बसलोय, हीटर किती आहेत, अंड्यांचे ट्रे हलवणारी मोटर कुठली, हे तो बघतो, मोठ्या प्रोग्रामला हाक मारतो आणि स्वतः बाजूला होतो. ही माहिती त्याला आधी कोणीतरी सांगावी लागते. आणि नुसतं सांगून भागत नसे. सांगून झाल्यावर 'सेव्ह' अशी वेगळी आज्ञा द्यावी लागे. ती दिली नाही, तरी यंत्र त्या वेळेपुरतं अगदी शहाण्यासारखं चालायचं. एकदा बंद झालं की मात्र सगळं विसरायचं, आणि विसरलोय हेही कोणाला सांगायचं नाही.

माझं म्हणणं सरळ होतं. एकदा सांगितलं की त्यानं लक्षात ठेवावं, माणसानं दोन-दोनदा कशाला सांगायचं? तसा बदल मी लिहूनही ठेवला होता. सर तो कुठल्याच यंत्रात घालू देत नव्हते. त्यांचं एकच पालुपद, चुकून काही भलतंच सांगितलं गेलं तर? मी म्हणायची, मग पुन्हा नीट सांगायचं. त्यावर ते म्हणायचे, पुन्हा सांगायला त्यानं ऐकायला तर पाहिजे. हे वयाचं हट्टीपण आहे अशी माझी पक्की समजूत झाली होती. पुण्याच्या एका मोठ्या कंपनीचं बोलावणं आलेलं होतं आणि दसरा झाला की सरांना सांगून टाकायचं, असं मी ठरवून बसले होते.

सर नारळ फोडणार तेवढ्यात माझा फोन वाजला.

"मॅडम, मी आक्काताई बोलतोय. कडगावची." आमच्याकडच्या कितीतरी बायका 'आलो, गेलो' असंच बोलतात, आणि आक्काताई तर तसं ठणकावून बोलायच्या. त्या दिवशी मात्र आवाज खाली गेला होता. "मशीन गप पडलंय. गरम बी होईना आन् ट्रे बी हलंना."

आक्काताई भोपळे यांना मी चांगली ओळखत होते. गावातल्या बचत गटाच्या त्या अध्यक्ष. गावठी कोंबड्यांच्या पिलांना मागणी असते हे हेरून त्यांनी उबवणीचं यंत्र घेतलं, तेव्हा घरच्यांनी विचारलं होतं, गावातल्या कोंबड्या काय मेल्या व्हय? या खेपेला आसपासच्या वाड्यांवरच्या बायकांनी पहिल्यांदाच विश्वास टाकून आपापल्या खुराड्यातली अंडी त्यांच्याकडे आणून दिली होती. दसरा झाला की पिलं बाहेर पडायची होती. ती पडली नसती तर पुन्हा कोणी त्यांच्या दारात अंडं घेऊन आलं नसतं, आणि यंत्र गोवऱ्या ठेवायचं कपाट म्हणूनच उरलं असतं.

"बंद केलं होतं का?" मी विचारलं.

त्या म्हणाल्या, "आज खंडेनवमी न्हवं? श्रावणापास्नं राबतंय बिचारं, रातध्याड. माळ घातली, ववाळलं, आन् म्हटलं पाच मिनटं इसावा द्यावा. परत चालू केलं तर पडद्यावर नुसतं तुमच्या कंपनीचं नाव येतंय. काय चुकलं माझं?"

मला सगळा प्रकार तिथेच कळला. यंत्र बसवायला आमचा दिगंबर गेला होता. त्यानं माहिती सांगितली, यंत्र चाललं, तो परत आला. सेव्ह करायचं राहिलं. आक्काताईंनी इतका जोरदार इन्व्हर्टर बसवला होता की श्रावणापासून एकदाही वीज खंडली नव्हती, म्हणून ते उघडकीला आलं नाही. ज्यांनी यंत्राला मायेनं विसावा दिला, त्यांच्यावरच ते उलटलं होतं. माहिती नसलेला बूटलोडर उगाच काही जळू नये म्हणून हीटरला हातच लावत नाही. तो नुसता कंपनीचं नाव दाखवत बसतो.

"तुमचं काहीच चुकलं नाही," मी म्हणाले. सरांनी तोवर गाडीची किल्ली उचलली होती. पण शिरोलीहून कडगावला जायचं म्हणजे गारगोटीचा घाट-वळणांचा रस्ता, आणि दसऱ्याच्या बाजाराची गर्दी. आम्ही पोचेपर्यंत अंडी गार झाली असती.

"किती वेळ निभेल?" मी विचारलं.

"कोंबडी बी उठती की खायाला रोज. पर लगीच यिऊन बसती. तासभर काढतील. म्होरचं देवाला ठावं."

म्हणजे जे करायचं ते आक्काताईंच्या हातूनच. गटाचे हिशेब करायला त्यांच्याकडे लॅपटॉप होता, आणि यंत्राला जोडायची वायर दिगंबरनं पॅनेलच्या आतच गुंडाळून ठेवली होती. ती त्यांनी जोडली. बटण दाबलं की पडद्यावर तीन, दोन, एक असे आकडे उलटे येतात, तेवढ्यात कुठलंही बटण दाबलं तरच बूटलोडर थांबून आपलं ऐकतो. दोनदा त्यांचं हुकलं, कारण एका हातात फोन होता. मग फोन स्पीकरवर टाकून यंत्रावर ठेवला आणि त्यांनी दोन्ही हात मोकळे केले.

"थांबलं," त्या म्हणाल्या. "एक बाण आलाय आन् काडी लुकलुकतीया. म्होरं?"

"आता काय म्हणतंय ते?"

"कायच म्हणत न्हाई."

"ते काही म्हणणार नाही. आपणच सांगायचं."

"आमच्या मालकांवानीच हाय की मग," त्या म्हणाल्या, आणि तशा घाबऱ्या वेळी मागून दोन-तीन बायकांच्या हसण्याचा आवाज आला. आक्काताईंची शेड भरली होती तर. ज्यांची अंडी होती त्या सगळ्या जमल्या होत्या.

मी एक एक अक्षर सांगत गेले, त्या एका बोटानं दाबत गेल्या. पहिल्यांदा यंत्राचा प्रकार. मग मोटर. तिसरी गोष्ट जरा नाजूक होती. यंत्रानं बोलायचं आणि ऐकायचं कुठल्या वायरीवरून, हे एका आकड्यानं सांगायचं होतं. मी 'एक' म्हणाले. शेडमधल्या गलबल्यात त्यांच्या बोटाखाली भलताच आकडा दाबला गेला असावा, कारण एंटर मारल्याबरोबर त्या म्हणाल्या, "गेलं."

"काय गेलं?"

"समदंच. तुमचं नाव बी गेलं, बाण बी गेला. लॅपटॉपात अंधार आन् मशीनच्या पडद्यावर बी अंधार. मी दाबतोय तर ते घेतच न्हाई कायबी."

यंत्र मुकं झालं होतं आणि बहिरंही. मी फोनवर हात ठेवून वळले. सर शेजारीच उभे होते. त्यांनी हळूच विचारलं, "त्यांनी सेव्ह केलंय का?"

"नाही. अजून नाही."

"मग बंद करून चालू करायला सांग की. त्यात काय घाबरायचं."

आक्काताईंनी बंद करून चालू केलं. कंपनीचं नाव आलं. तो नुसता नाव दाखवून बसलेला पडदा, ज्याच्यामुळे आमच्या सगळ्यांचा जीव टांगणीला लागला होता, तो परत दिसला म्हणून मला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणीच आलं. यंत्र चूक विसरलं होतं. माझा बदल आत असता तर ती चूक त्यानं मनापासून लक्षात ठेवली असती, आणि मग कुठल्याच वायरीवरून त्याला काही समजावता आलं नसतं. आतला बोर्ड काढून शिरोलीला आणावा लागला असता. अंडी तिथेच संपली असती. मी सरांकडे पाहिलं नाही. सरांनीही माझ्याकडे पाहिलं नाही, ते मल्टिमीटरवरचं फूल नीट करत होते.

दुसऱ्या खेपेला आक्काताईंनी बायकांना दटावून गप्प केलं. प्रत्येक ओळ मी त्यांच्याकडून उलट वाचून घेतली. तिन्ही गोष्टी सांगून झाल्या आणि यंत्र पुढे सोडलं. फोनवर पंख्याची घरघर आली, आणि मग आक्काताईंचा आवाज, पहिल्यासारखा ठणठणीत. "ट्रे हलला. वरचं लाल दिवं लागलं. मॅडम, लागलं चालाय."

इकडे मी खुर्चीत बसले, तिकडे बायकांचा एकच गलका. नारळ अजून सरांच्या हातातच होता. पण सर फोडेनात. ते माझ्या मागे येऊन म्हणाले, "सेव्ह कुठं झालंय?"

खरंच की. आधी चालवून बघायचं, नीट चाललं तरच सेव्ह करायचं, हा सरांचाच नियम, आणि तो किती बरोबर आहे ते मी आत्ताच पाहिलं होतं. पण एकदा यंत्र चालू झालं की बूटलोडर बाजूला होतो. त्याला परत गाठायचं तर यंत्र बंद करायचं, सगळं पुन्हा सांगायचं आणि मग सेव्ह म्हणायचं. दुसरा रस्ताच नव्हता. दिगंबर का चुकला तेही मला तेव्हा समजलं. त्यानं माहिती सांगितली, यंत्र चाललं आणि लगेच ट्रे अंड्यांनी भरले असणार. चालतं यंत्र बंद करायला त्याचा हात धजला नसेल. पुढच्या खेपेला करू म्हणून तो निघून आला असेल. मी त्याच्या जागी असते तर मीही तेच केलं असतं.

"आक्काताई," मी म्हणाले, "आता ते परत बंद करावं लागेल."

"न्हाई." त्यांनी क्षणाचाही वेळ लावला नाही. "चाललंय ते चालू द्या. आता मी हात लावणार न्हाई त्येला. पिल्लं भाईर आली की मग काय ते करा तुमी."

"तोवर वीज गेली तर?"

"इन्वट्टर हाय."

"इन्व्हर्टरनं दगा दिला तर? ते पुन्हा सगळं विसरणार. आणि त्या वेळी मी फोनवर असेनच असं नाही. दिगंबरनंही असंच सोडलं होतं, पुढच्या खेपेला करू म्हणून."

कोणीतरी बाई म्हणाली, नगं गं आक्का, आताच ऊब धराय लागल्यात. दुसरी म्हणाली, तुझ्या मनाला काय येतंय ते कर. शेवटी आक्काताई हलक्या आवाजात म्हणाल्या, "ताई, खरं सांगा. तुमची कोंबडी असती तर बसल्याली उठवली असती काय तुमी?"

'मॅडम'ची मी एकदम 'ताई' झाले होते. मी जन्मात कोंबडी बसवली नव्हती. पुस्तकातलं काही सांगावं तर ते पोकळ वाटलं असतं.

"उठवली असती," मी म्हणाले. "भीत भीत, पण उठवली असती."

"मग मी बी भीत भीतच उठवतो," त्या म्हणाल्या, आणि पंखा थांबल्याचं मला ऐकू आलं.

या खेपेला मला अक्षरं सांगावीच लागली नाहीत. आक्काताई स्वतःच एक एक मोठ्यानं म्हणत दाबत गेल्या, मंगळागौरीला गाणं म्हणावं तशा ठेक्यात, आणि मी इकडून नुसतं हं हं करत होते. तिसऱ्या आकड्यापाशी त्या थांबल्या, पुटपुटत तो तपासला, मग पुढे गेल्या. शेवटी सेव्ह. बूटलोडरनं उत्तर दिलं तेही एका शब्दाचं. त्यांनी ते अक्षर अक्षर लावून वाचलं. झालं, एवढाच त्याचा अर्थ होता.

"आता बंद करून चालू करा," मी म्हणाले, "आणि कशालाही हात लावू नका. हात मागं घ्या."

"घेतलं मागं."

तीन, दोन, एक हे आकडे मला दिसत नव्हते, पण बायका ते मोठ्यानं म्हणत होत्या. एक म्हणून झालं आणि शेड चिडीचूप झाली. मी फोन कानाशी इतका दाबला होता की कान दुखायला लागला. हेर्लेकर सर, एवढा वयस्क माणूस, नारळ छातीशी धरून उभा. आणि मग पंखा घरघरला. कोणी काही सांगितलं नव्हतं, कोणी बटण दाबलं नव्हतं. यंत्र आपलं आपण उठून कामाला लागलं होतं.

सरांनी तिथल्या तिथे, दाराच्या उंबऱ्यावर नारळ फोडला. पाणी सगळं जमिनीवर गेलं आणि त्याची कोणालाच फिकीर नव्हती. दसरा झाल्यावर एका सकाळी आक्काताईंचा फोन आला. त्या स्वतः काहीच बोलल्या नाहीत, फोन नुसता ट्रेजवळ धरला. मी सरांना हाक मारली आणि आम्ही दोघं ती चिवचिव ऐकत उभे राहिलो. काही अंडी वाया गेली, तशी ती कोंबडीखालीही जातातच. पण बायकांच्या टोपल्या भरल्या, आणि पुढच्या खेपेला अंडी ठेवायला शेडमध्ये जागा पुरेना.

पुण्याला मी नकार कळवला. सरांना त्यातलं काही माहीतच नव्हतं, त्यामुळे सांगायचाही प्रश्न आला नाही. दिवाळीपर्यंत आम्ही दोघांनी बसून बूटलोडर बदलला. सांगितल्याबरोबर तो काहीच मनावर घेत नाही, हे सरांचं. आणि यंत्र काही वेळ नीट चाललं की पडद्यावर मराठीत विचारतो, 'नवी माहिती नीट चालते आहे. लक्षात ठेवू का?' हे माझं. हो म्हणायला यंत्र बंद करावं लागत नाही, एक हिरवं बटण दाबलं की झालं, आणि दाबेपर्यंत तो विचारतच राहतो. सगळ्यात आधी तो कडगावच्या यंत्रात बसला.

पुढच्या खंडेनवमीला आक्काताईंनी आम्हाला आग्रहानं बोलावून घेतलं. यंत्राला माझ्या मनगटाएवढी जाड झेंडूची माळ घातली होती. समोर ऊस, रांगोळी, आणि भोवती बायका. पिलं बाहेर पडायला तीन-चार दिवस होते, ट्रे अंड्यांनी गच्च. आक्काताईंनी ओवाळलं, पदर खोचला आणि हात बटणाकडे नेला.

"आक्काताई, आत अंडी आहेत," मी न राहवून म्हणाले.

"असू द्यात की."

त्यांनी यंत्र बंद केलं. पंखा थांबला. मग त्यांनी सावकाश कापूर लावला, आरती म्हटली, आणि सगळ्या बायकांना ओळीनं पुढे बोलावून एकेकीला यंत्रावर कुंकू लावायला दिलं. कोणालाच घाई नव्हती. हेर्लेकर सरसुद्धा टाळ्या वाजवत होते. मी मात्र नुसती त्या काळ्या पडद्याकडे बघत उभी होते. शेवटी त्यांनी बटण दाबलं आणि मागे वळूनही न बघता खोबऱ्याचे तुकडे करायला बसल्या. तीन, दोन, एक झालं. पंखा घरघरला, लाल दिवे लागले, ट्रे कुरकुरत एका बाजूला कलले.

आक्काताई उठून माझ्यापाशी आल्या आणि खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवला.

"सोडा की श्वास, ताई," त्या म्हणाल्या. "ध्यानात हाय त्येच्या."